जॅक आहे ना, मग भ्यायचं कशाला?

समजा, सासरच्या कुठल्याशा लांबच्या नात्यातून तुमच्या पदरात एक एमजीबी पडली. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनायची ती, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. असली गाडी गॅरेजवाल्याच्या हातात द्यायची नसते. त्याला काय कळतंय? तो बिचारा दिवसाला दहा गाड्या उचलतो, एवढंच. तुम्ही मात्र रोज सकाळी पुण्यातल्या एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जाता. 1966 साली स्थापन झालेल्या त्या वाहन-संशोधन संस्थेच्या शेजारून पंधरा वर्षं चालल्यावर मोटारींचं ज्ञान अंगात मुरायचंच.

तर रविवारी जुन्या बाजारात जा आणि एक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर गाडी उचलणारा, ट्रॉली जॅक घेऊन या. खालून तेल पाझरताना दिसलं तर उलट खूश व्हा: आत तेल आहे याची खात्री पटली. त्याच कारणावरून भावही पाडून घ्या. आता नाना पेठेतला एखादा दुकानदार तुमच्या गळ्यात स्टँडची जोडी मारायला बघेल. ‘घोडी’ म्हणतात तिला. जॅक गाडी उचलण्यापुरताच असतो, पेलून धरायला घोडीच लागते, आतलं रबरी सील कधी दगा देईल सांगता येत नाही, असं बरंच काही ऐकवेल. ऐकून घ्या आणि निघा. जेमतेम टनभराची गाडी, तिला कसल्या घोड्या! फारच मनाला लागलं तर सोसायटीच्या डागडुजीतून उरलेल्या विटा रचा. विटेचा स्वभाव सरळ असतो. ती वाकत नाही, कुरकुरत नाही, पूर्वसूचना देत नाही. एकदम दुभंगते.

जागा म्हणजे अर्थातच तुमचं पार्किंग. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून बिल्डरने फरशीला उतार दिलाय, त्याचा बाऊ करू नका. हँडब्रेक आहे की! तो फक्त मागच्या चाकांना धरतो आणि तुम्ही नेमकी मागचीच बाजू उचलताय, म्हणजे तो हवेत लोंबकळणारी चाकं घट्ट धरून बसणार, ही बारकाव्याची गोष्ट झाली. गाडी घरंगळू नये म्हणून पुढच्या चाकांना उटी लावायची? उटी बैलगाडीला लावतात, स्पोर्ट्स कारला शोभत नाही.

नट मात्र गाडी वर गेल्यावरच सोडवा. चाक जमिनीवर असतानाच ते सैल करून घेणाऱ्यांची मला गंमत वाटते. पन्नास वर्षांच्या गंजलेल्या नटावर पाना चढवून, त्यावर पाय देऊन हिसका मारला की गाडी किती पक्की उभी आहे हेही त्याच खेपेत कळतं.

राहता राहिला प्रश्न जॅक कुठे लावायचा. माहितगार सांगतात, पुढे क्रॉसमेंबर नावाच्या आडव्या दणकट तुळईखाली, मागे डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या आसाच्या मधल्या गोळ्याखाली. पण ही गाडी इतकी बुटकी की जॅक आत सरकतच नाही. त्यासाठी आधी टिंबर मार्केटातून फळ्या आणून चाकं त्यांच्यावर चढवावी लागतात. एवढा खटाटोप कोण करतो? इंजिनाखाली ऑइलचं सम्प आहे ना, छान सपाट, जणू जॅकसाठीच केलेलं. नाहीतर दाराखालची सिल. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, डोक्यावर टपही नाही, तेव्हा सगळा भार याच दोन सिलांवर. त्यात तुमची गाडी किती पावसाळे अंगणात भिजली, देव जाणे. जॅकचा दांडा हाणायला लागा. सुरुवातीला गाडी वर जात नाही, जॅक सिलमध्ये जातो. चुरचुर आवाज येतो, तांबूस भुगा फरशीवर सांडतो. नंतर दार उघडून बघा: उघडेल. बंद करून बघा: कडीशी येऊन बोटभर अडेल. मधोमध गाडी वाकली की असंच होतं. पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीतून विचारतीलच, “काय हो, मोडली का?” त्यांना सांगा, रिस्टोरेशन चाललंय.

खाली शिरण्याआधी गाडीला कडेने हलवून बघायची भित्र्या लोकांची एक पद्धत असते. हलली की त्यांचा धीर सुटतो. तुम्ही हलवूच नका.

मीही याच पद्धतीने एका रविवारी पुढचं चाक काढलं. घोडी नाही, जॅक एकटा. चारही नट नेहमीप्रमाणे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकले, डबा ब्रेक डिस्कच्या खाली सरकवला, म्हणजे कुणाची लाथ लागायला नको. तेवढ्यात वरून हाक आली, पानं वाढलीत. हात धुऊन वर गेलो, जेवलो, ताकाचा दुसरा पेला घेतला. खाली आलो तर फरशीवर तेलाचा ओघळ आणि डिस्क अलगद डब्यावर टेकलेली. झाकण आत गेलेलं, डबा कडेने फाटलेला, एक नट बाहेर डोकावत होता. अर्ध्या तासापूर्वी तिथेच माझं कोपर होतं.

हल्ली डबे फारच पातळ काढतात. मी आता नटांसाठी स्टीलचा घेतलाय.