फुकटची मांडणी

आमच्या गच्चीवर माझं एक ग्रीनहाऊस आहे. म्हणजे ग्रीनहाऊस मी म्हणतो. सोसायटीच्या मिनिट्समध्ये त्याची नोंद ‘तिसऱ्या मजल्याचा मांडव’ अशी आहे. थंड देशांत काचेचं घर ऊब धरून ठेवायला बांधतात. मुंबईत उबेची ददात नाही, म्हणून मी वर ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट ताणली आणि आत कुंड्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करायला घेतली. अट एकच, सगळं सामान फुकटचं.

गल्लीत एक इमारत रीडेव्हलपमेंटला गेली होती. पाडकामावरच्या भंगारवाल्यानं एक दार काढून दाखवलं. “पुराना बर्मा टीक है, साब.” फुकटातली पहिली वस्तू बाराशेला पडली. लिफ्टमध्ये ती मावली नाही, हे सांगायला नकोच.

पण दार बघण्यासारखं होतं. वर तपकिरी रंग, तो खरवडला की खाली पिस्ता, त्याखाली निळा. आतल्या बाजूला कडीजवळ कुणीतरी पेन्सिलीनं दुधाचा हिशेब मांडलेला, मधले दोन दिवस ‘नाही’. सुताराला म्हटलं, याच्या पट्ट्या काढून दे. सलग फळीवर पाणी साचतं, कुंडीच्या बुडाला वारा लागत नाही. पट्ट्यांमध्ये बोटभर फट हवी. त्यानं दारावरून हात फिरवला आणि मी बोकड कापायला सांगितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. “असा माल आता मिळत नाही, साहेब. यावर शेणखत ठेवणार?”

सागवान कमी पडलं म्हणून खालच्या पायरीला पॅकिंगची पॅलेट लावली. तिच्यावर ‘एचटी’ असा शिक्का बघून घेतला होता, म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती मी घेत नाही. एवढी अक्कल मला आहे. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार असतो, हे मात्र मांडणी उभी करून झाल्यावर आठवलं. चार पाय जुन्या लोखंडी पलंगाचे, त्यातले दोन हवेत.

दोन पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले आणि कुंड्या चढवल्या. माती भिजलेली बारा इंची कुंडी सहज पंधरा किलो भरते. अशा वीस, म्हणजे तीनशे किलो. सेक्रेटरींनी हा गुणाकार माझ्या आधी केला होता. “वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर खर्च तुमचा,” एवढंच बोलून ते खाली गेले.

मग पाऊस आला. खारी हवा आणि साचलेलं पाणी यांनी मिळून पलंगाचे पाय खायला घेतले. काचपेपर मारला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, आणि पाय पाण्यात उभे राहू नयेत म्हणून प्रत्येकाखाली पाइपचं एकेक बूच उताणं ठेवलं. या माझ्या कल्पनेवर मी आठवडाभर खूश होतो. मग पालिकेची माणसं डेंग्यूच्या तपासणीला आली. कुंड्यांखालच्या बशा मी रोज ओतत होतो, त्या कोरड्या निघाल्या. त्यांनी टॉर्च मारला तो बुचांत. चारही बुचांत अळ्या वळवळत होत्या! आता तिथे वाळू भरली आहे.

पॅलेटच्या पाइनवर ऑगस्टमध्ये पांढऱ्या छत्र्या उगवल्या. वर्षभरात तरारून आलेलं पीक तेवढंच. “यांची भाजी होते का?” बायकोनं विचारलं. चेहरा गंभीर होता.

दिवाळीनंतर पॅलेट काढली, नव्या पट्ट्या आणल्या, नटबोल्ट बदलले, लाकडाला तेल पाजलं. फुकटचा आकडा साडेसात हजारांवर गेला, हे घरात फक्त मला माहीत आहे.

मे महिन्यात आई गच्चीवर आली. खाकरली. पट्ट्यांच्या फटीतून बोट घालून बघितलं. “खालून वारा लागतो की रे!” म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही पायऱ्यांवर धुतलेली साडी अंथरून कुरडया घातलेल्या होत्या. कुंड्या खाली उतरवून कठड्याला ओळीनं लावल्या होत्या, आणि शेडनेट गुंडाळून ठेवली होती. सावलीत कुरडया वाळत नाहीत.