टूलचं वर्णन न वाचता एजंट फोन लावेल, तो कुणाला लागेल?

ईपीएबीएक्स (ऑफिसातली अंतर्गत फोन यंत्रणा) बसवणाऱ्या आणि आता त्यावर एआय एजंट (स्वतःहून कामं करणारा एआय) जोडून देणाऱ्या आमच्या मंडळींत एक मजकूर बराच फिरतोय. थोडक्यात तो असा: टूलचं, म्हणजे फोन लावण्यासारखं काम करायला एजंटच्या हाती दिलेल्या साधनाचं, डॉक्युमेंटेशन माणसांसाठी होतं, एजंटला स्कीमा (कोणती माहिती कोणत्या प्रकारात द्यायची याचा साचा) दिला की पुरे. चुकलं तर एजंट पुन्हा प्रयत्न करतो. बाकीचं सगळं एजंटमागचं मॉडेल आधीच शिकून आलेलं असतं. आणि लिहिलेलं काय, सहा महिन्यांत शिळं होतं. मी पुण्यात हीच कामं करतो. हे वाचून नवी मुलं वर्णनाचा रकाना कोरा सोडायला लागली आहेत, म्हणून हे लिहितोय.

आधी स्कीमा. स्कीमा सांगतो की ‘टाइमआउट’ (किती वेळ वाट पाहायची ती मुदत) हा आकडा आहे. सेकंद की मिलिसेकंद, हे त्यातून कळत नाही. अ‍ॅस्टरिस्कचंच बघा, हे फोन यंत्रणा चालवणारं सॉफ्टवेअर, आपल्याकडच्या कितीतरी यंत्रणा त्याच्यावर उभ्या आहेत. त्याच्या डायलप्लॅनमधल्या (कॉल कुठे न्यायचा ते सांगणाऱ्या नियमांतल्या) ‘डायल’ला टाइमआउट सेकंदांत लागतो. बाहेरच्या प्रोग्रॅमला कॉल लावायचा तर एएमआय आणि एआरआय असे दोन मार्ग आहेत. एएमआयच्या ‘ओरिजिनेट’ला मिलिसेकंदांत लागतो. तेच काम एआरआयमधून केलं की पुन्हा सेकंद. एजंटने एएमआयला ३० दिले तर समोरचा फोन वाजायच्या आत कॉल संपतो. एआरआयला ३०००० दिले तर ती मुदत आठ तास वीस मिनिटांची होते. स्कीमाच्या लेखी दोन्ही आकडे बरोबर.

यावर कुणी म्हणेल, स्कीमात वर्णनाचाही रकाना असतो की! असतोच, आणि तेच तर डॉक्युमेंटेशन. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (मॉडेलला टूल जोडून देण्याच्या ठरावीक पद्धतीत) टूलची ओळख मुख्यतः नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा यांतूनच होते. मागचा कोड मॉडेलला दिसत नाही. माणूस निदान शेजारच्याला विचारतो. एजंट त्या दोन ओळींवर विसंबून थेट फोन लावतो.

सगळ्यात घातक मुद्दा ‘पुन्हा प्रयत्न’ हा आहे. फाइल वाचायचं टूल दहा वेळा चाललं तरी कुणाचं काही बिघडत नाही. फोन दहा वेळा लागला तर दहा वेळा वाजतो. त्यात फोनच्या जगात ‘यशस्वी’ या शब्दाचा अर्थ फार निसरडा आहे. एएमआयवर ‘ओरिजिनेट’ असिंक पद्धतीने, म्हणजे निकालाची वाट न पाहता, चालवलं की लगेच ‘सक्सेस’ येतं. त्याचा अर्थ एवढाच की कॉल रांगेत गेला. माणसाने उचलला की नाही, ते नंतर वेगळ्या इव्हेंटमधून कळतं. एसआयपी या कॉल जोडण्याच्या प्रोटोकॉलमधल्या ‘रेफर’चंही (कॉल दुसरीकडे देण्याच्या विनंतीचंही) तसंच आहे. २००३च्या आरएफसी ३५१५ या मानकानुसार आधी २०२ हा कोड येतो, म्हणजे विनंती स्वीकारली. ट्रान्सफर खरंच झाली का, ते पुढच्या ‘नोटिफाय’ या संदेशातून समजतं.

हे वर्णनात लिहिलेलं नव्हतं म्हणून काय झालं ते मी पाहिलंय. एका रुग्णालयाच्या यंत्रणेत उद्याच्या अपॉइंटमेंटची आठवण करून द्यायला एजंट लावला होता. रांगेत गेलेल्या प्रत्येक कॉलपुढे तो ‘रुग्णाला कळवलं’ अशी नोंद करत गेला. जिथे उत्तर यायला उशीर झाला, तिथे त्याने पुन्हा फोन लावला. एका आजोबांना रात्री लागोपाठ चार फोन गेले. रुग्णालयातून एवढे फोन आले म्हणजे काहीतरी वाईट घडलं, असं समजून घरचे धावत आले. एजंट हुशारच होता. ‘सक्सेस म्हणजे फोन उचलला असं नाही, निकाल येईपर्यंत त्याच नंबरवर पुन्हा कॉल लावू नये’ हे एक वाक्य त्याला कुणी दिलं नव्हतं. त्या दिवशी ते मीही दिलं नव्हतं.

लिहिलेलं शिळं होतं, हे मात्र खरं आहे. पण मग मॉडेलच्या पाठांतराचं काय? अ‍ॅस्टरिस्कचा जुना चॅन-एसआयपी ड्रायव्हर (एसआयपी कॉल हाताळणारा भाग) २०२३च्या आवृत्ती २१मध्ये काढून टाकला, आता पीजेएसआयपी वापरायचं. इंटरनेटवर मात्र जुन्या ड्रायव्हरवरचे वर्षानुवर्षांचे लेख पडून आहेत आणि मॉडेल त्यांवरच वाढलंय. एजंटने नव्या सर्व्हरवर जुनी ‘सिप शो पीअर्स’ कमांड मागितलेली मी स्वतः पाहिली आहे. टूलच्या वर्णनात आवृत्ती आणि ड्रायव्हर लिहिल्यावर ते थांबलं. वर्णन शिळं झालं तर एक ओळ बदलता येते, मॉडेलची आठवण मला बदलता येत नाही.

आणि काही गोष्टी कोणत्याही प्रशिक्षणात नसतात. त्या रुग्णालयात बावीस वर्षं बोर्ड सांभाळणाऱ्या ऑपरेटर ताई आहेत. त्या प्रकारानंतर मी त्यांच्याशेजारी एक दुपार बसलो आणि त्या कॉल कसे देतात ते उतरवून घेतलं. ट्रान्सफरच्या टूलचं वर्णन आता जवळजवळ त्यांच्याच शब्दांत आहे: ‘आधी पलीकडच्याशी बोला, ते हो म्हणाले की मगच कॉल द्या. २१४ला दुपारी दोननंतर देऊ नका, डॉक्टर ओटीत असतात आणि फोन रिकाम्या खोलीत वाजत राहतो. तो कॉल २०३च्या सिस्टरांना द्या. बोलणाऱ्याला धाप लागली असेल किंवा तो रडत असेल तर काही न विचारता सरळ कॅज्युअल्टी.’