इव्हान्स, एव्हरग्रीन आणि माझा दुटप्पीपणा

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तो निम्मा उतरला. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा आधी सांगतो. वॉशिंग्टन राज्याचे माजी राज्यपाल डॅन इव्हान्स १९७७ ते १९८३ या काळात ऑलिंपियाच्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजचे अध्यक्ष होते. हे सरकारी लिबरल आर्ट्स कॉलेज (म्हणजे एकाच पेशाचं शिक्षण न देता साहित्यापासून विज्ञानापर्यंत सगळं शिकवणारं) त्यांनी कसं जगवलं, यावर मी कौतुकाचा लेख लिहिला. त्यावर तुमचं म्हणणं असं, की आपल्याकडे कुलगुरूंच्या निवडीला राजकारणाचा नुसता वास आला तरी मी लेखणी परजतो, आणि अमेरिकेत अख्खा राजकारणीच खुर्चीत बसला की मला तो द्रष्टा वाटतो. शिवाय ज्या विश्वस्तांनी इव्हान्सना नेमलं, ते इव्हान्सनीच नेमलेले होते आणि ही गोष्ट मी सोयीस्करपणे गाळली. जाता जाता तुम्ही आणखी एक टोला हाणलाय: असल्या हौशी कॉलेजवर करदात्यांचा पैसा का?

मधला मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे आणि मला तोच झोंबला.

एव्हरग्रीनचे विश्वस्त राज्यपाल नेमतो. (हा राज्यपाल म्हणजे आपल्या राजभवनातला नव्हे. तो निवडून येतो आणि राज्य चालवतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) कॉलेजच्या स्थापनेचा कायदा १९६७चा. तेव्हा राज्यपाल इव्हान्सच होते, पहिलं विश्वस्त मंडळ त्यांनीच नेमलं, आणि पुढे जानेवारी १९७७पर्यंत, सलग तीन मुदती, तेच राज्यपाल राहिले. पद सोडून सहा महिनेही झाले नव्हते तोवर ते कॉलेजचे अध्यक्ष झाले. निवड करणाऱ्या मंडळात त्यांच्याच माणसांचा भरणा असणार हे सांगायला ज्योतिषी नको. मी मूळ लेखात ‘निव्वळ गुणांवर झालेली निवड’ असं लिहिलं होतं. ते शब्द आज काढले. मावळत्या मुख्यमंत्र्याला त्यानेच बसवलेल्या समितीने आपल्याकडे कुलगुरू केलं असतं, तर मी खरंच गप्प बसलो नसतो.

यातली एक गंमत मात्र लेखात सांगायची राहून गेली. इव्हान्सनंतर राज्यपाल झाल्या त्या डिक्सी ली रे, सागरी प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक. म्हणजे त्या वर्षी प्राध्यापक बाई राज्याच्या खुर्चीत आणि राज्यपाल प्राध्यापकांच्या गोतावळ्यात!

आता कारकिर्दीकडे येऊ. निवड वाकडी म्हणून पुढची सहा वर्षंही वाकडी, असं तुमच्या प्रतिक्रियेतून सूचित होतं. इथे मी तुमच्याबरोबर नाही.

इव्हान्स आले तेव्हा कॉलेज सुरू होऊन सहाच वर्षं झाली होती. पहिले अध्यक्ष चार्ल्स मॅकॅन यांच्या चार नकारांवर ते उभं होतं. विभाग नाहीत, अध्यापकांत हुद्दे नाहीत, सक्तीचे विषय नाहीत, गुण नाहीत. विद्यार्थी पाच-सहा विषय घेत नाही. तो एका मोठ्या विषयात शिरतो, आणि वेगवेगळ्या विद्याशाखांचे दोन-तीन अध्यापक मिळून तो शिकवतात. शेवटी गुणपत्रिकेऐवजी लेखी मूल्यमापन मिळतं. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचं असं एक मी वाचलं आहे. पोराने खाडीतल्या पाण्याचे नमुने कसे घेतले, कुठे आळस केला, कोणत्या चर्चेत तो पहिल्यांदा स्वतःचं काही बोलला, हे सगळं त्यात होतं. ते वाचून मला माझी एटीकेटीची वर्षं आठवली. तेव्हा माझ्याबद्दल कुणाला काय वाटत होतं ते एका आकड्यावर भागलं होतं.

असल्या कॉलेजबद्दल आमदारांचं मत काय असणार? केस वाढवलेल्या पोरांचा अड्डा. ते बंद करा, ही मागणी विधिमंडळात पुन्हा पुन्हा येत होती. त्यात विधिमंडळ त्याच गावात, कॉलेजपासून काही मैलांवर. म्हणजे प्रत्येक आमदाराला ही पोरं रस्त्यात दिसणार. कॉलेजचं बोधचिन्ह गूईडक, म्हणजे पुजेट साउंड या तिथल्या समुद्राच्या फाट्यातल्या चिखलात सापडणारा लांब मानेचा शिंपला. दिसायला तो इतका अचकटविचकट, की टवाळी करणाऱ्यांना वेगळे कष्टच नकोत.

अशा वेळी कॉलेजची बाजू मांडायला उभा राहिला तो रिपब्लिकन पक्षाचा, शिक्षणाने स्थापत्य अभियंता असलेला, बारा वर्षं त्याच राज्याचा अर्थसंकल्प हाताळलेला माणूस. ‘ही हिप्पींची चूल आहे’ असं त्याच्या तोंडावर कोण म्हणणार? माझ्या कौतुकाचा मुद्दा एवढाच आहे आणि मूळ लेखात तो विशेषणांच्या ढिगात हरवला. इव्हान्स मोठे शिक्षणतज्ज्ञ नव्हते. पण सरकारच्या दारात त्यांची पत होती, आणि ती त्यांनी कॉलेजसाठी खर्च केली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्याची तिजोरी आटली होती. तेव्हा तर हीच पत कामाची.

त्यांनी तडजोडी केल्याच. राजधानीतल्या सरकारी नोकरांना उपयोगी पडेल असा लोकप्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. जुन्या अध्यापकांना यात कॉलेजची वाट बदललेली दिसली असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. पण गुण आणले नाहीत, विभाग पाडले नाहीत. लेखी मूल्यमापन तिथे आजही चालतं. १९८३मध्ये सिनेटर हेन्री जॅक्सन वारले, त्यांच्या जागी इव्हान्सची नेमणूक झाली आणि ते वॉशिंग्टन डीसीला गेले. त्या सिनेटला मात्र ते विटले. १९८८च्या निवडणुकीला पुन्हा उभे राहिले नाहीत.

पैशाच्या मुद्द्यावर थोडक्यात. छोट्या वर्गात, शिक्षकाच्या समोर बसून शिकणं ही चैन फक्त महागड्या खासगी कॉलेजांतल्या पोरांनी करावी, असं तुमचं म्हणणं नसावं. तुम्ही स्वतः जन्मभर अनुदानित कॉलेजात शिकवलंत.

उलटं उदाहरण हवं असेल तर फ्लोरिडात सारासोटाच्या न्यू कॉलेजकडे बघा. तेही सरकारी, तेही लिबरल आर्ट्सचं, तिथेही गुणांऐवजी लेखी मूल्यमापन. जानेवारी २०२३मध्ये राज्यपाल रॉन डीसँटिस यांनी मंडळावर सहा नवे विश्वस्त नेमले. महिना संपायच्या आत मंडळाने अध्यक्ष पॅट्रिशिया ओकर यांना काढलं आणि फ्लोरिडाच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती रिचर्ड कॉर्कोरन यांना आणलं. ओकरना वर्षाला तीन लाख डॉलरच्या आसपास पगार होता, यांना सहा लाख नव्व्याण्णव हजार. पाच अध्यापकांना कायम करायचं नाकारलं गेलं, लिंगभाव अभ्यासाचा विषय बंद झाला, अध्यापक मोठ्या संख्येने निघून गेले. सरकारी पैसा कॉर्कोरननीही आणला, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. पण तो पैसा कॉलेज बदलायच्या अटीवर आला. इव्हान्सनी आणलेला पैसा कॉलेज आहे तसं राहावं म्हणून होता. दोघे राजकारणी, दोघांची नेमणूक ओळखीच्या मंडळाकडून. फरक मला एवढाच दिसतो, की एक जण कॉलेजचा निरोप घेऊन सरकारकडे जायचा आणि दुसरा सरकारचा निरोप घेऊन कॉलेजात आला.

आणि अस्सल शिक्षणक्षेत्रातला माणूस बसवला की सगळं सुखरूप, असंही नाही. २०१७मध्ये एव्हरग्रीनमध्ये वर्णभेदाच्या प्रश्नावरून आंदोलन पेटलं तेव्हा अध्यक्ष होते जॉर्ज ब्रिजेस, समाजशास्त्रज्ञ, आधी दुसऱ्या एका कॉलेजचे दहा वर्षं अध्यक्ष. प्रकरण हाताबाहेर गेलं, देशभर गाजलं, एका अध्यापक जोडप्याला पाच लाख डॉलर देऊन कॉलेजने वाद मिटवला, आणि पुढच्या काही वर्षांत विद्यार्थी जवळपास निम्म्यावर आले. सगळं खापर ब्रिजेस यांच्यावर फोडणं अन्याय होईल. संख्या आधीपासून उतरत होती. पण त्या दिवसांत विधिमंडळात कॉलेजसाठी शब्द टाकणारं वजनदार माणूस तिथे नव्हतं, हे मात्र खरं.

आता तुमचा पहिला मुद्दा, माझा दुटप्पीपणा. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू कोण? बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. स्वराज्य पक्षाचे पुढारी, ब्रिटिश सरकार आणि काँग्रेस यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या सप्रू-जयकर या जोडगोळीतले जयकर. त्यांच्यानंतर आले ते रँग्लर परांजपे. ते गणिती आणि फर्ग्युसनचे प्राचार्य तर होतेच, पण मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्रीही होते. या दोघांवर मी कधी चार ओळी खरडलेल्या नाहीत, बऱ्या नाहीत की वाईट नाहीत. मी ओरडतो ते अलीकडच्या निवडींवर. तेव्हा आक्षेप राजकारण्यांना नसून आजच्या राजकारण्यांना आहे, असं तुम्ही म्हणालात तर मला मान खाली घालावी लागेल.

एव्हरग्रीनच्या ग्रंथालयाला इव्हान्स यांचं नाव आहे. पुण्यात जयकरांचं आहे, आणि मी तिथे दोन वर्षं रोज बसायचो. हे जयकर कोण, असं एकदाही कुणाला विचारलं नाही. तुम्ही त्याच विद्यापीठातले, माझ्या बरेच आधीचे. जयकरांच्या काळातल्या कारभाराबद्दल तुमच्या शिक्षकांकडून काही ऐकलं असेल तर जरूर लिहा.