सातमाशी, आठमाशी आणि फुप्फुसे: फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर, आणि त्याहून अधिक ओट्यावरच्या गप्पांत, कमी दिवसांच्या बाळांविषयी एक मजकूर वारंवार फिरतो. त्याचा गोषवारा असा: सातव्या महिन्यात बाळाचे फुप्फुस तयार होते आणि आठव्यात ते पुन्हा कच्चे पडते, म्हणून सातमाशी मूल जगते आणि आठमाशी दगावते, कळा लवकर सुरू झाल्यावर आईला दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने बाळाचे फुप्फुस बिघडवतात, फुप्फुसाचा जुनाट आजार काचेच्या पेटीमुळे आणि ऑक्सिजनमुळेच होतो, म्हणून मूल लवकर घरी न्यावे, असे मूल जन्मभर दमेकरी राहते, आणि घरी आल्यावर त्याला ओवा-वावडिंगाची धुरी द्यावी, लसी मात्र नऊ महिने भरल्याशिवाय देऊ नयेत. यातल्या काही विधानांत अर्धे सत्य आहे. त्यामुळेच हा मजकूर टिकून आहे आणि त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

पहिला दावा सर्वांत जुना आहे. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही संहितांत आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, अस्थिर असते आणि तेव्हाचा जन्म बाळाच्या जिवाला धोक्याचा असतो, असे म्हटले आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकातही आठव्या महिन्याच्या मुलाबद्दल हाच समज आढळतो. परंतु एखादे मत प्राचीन आणि दूरवर पसरलेले आहे एवढ्याने ते खरे ठरत नाही. गर्भाचे फुप्फुस एकाच दिशेने वाढते. सुमारे सतराव्या आठवड्यापर्यंत श्वासनलिकांच्या फांद्या फुटतात. सव्विसाव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत त्यांच्या टोकांशी रक्तवाहिन्या येऊन भिडतात आणि हवा व रक्त यांच्यातला पडदा पातळ होऊ लागतो. त्यानंतर छोट्या पिशव्या तयार होतात. आणि खरे वायुकोश मोठ्या प्रमाणावर बनू लागतात ते छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. हे काम जन्मानंतरही काही वर्षे चालू राहते. यात मागे फिरण्याचा टप्पा कुठेही नाही.

वायुकोशांना आतून सरफॅक्टंट नावाच्या स्निग्ध द्रव्याचे अस्तर असते. ते नसेल तर प्रत्येक उच्छ्वासानंतर हे कोश ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटून बसतात आणि पुढचा प्रत्येक श्वास बाळाला नव्याने ओढावा लागतो. हे द्रव्य चोविसाव्या आठवड्यानंतर हळूहळू बनू लागते आणि पुरेसे होते ते साधारण पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. शेवटच्या पाळीपासून मोजले तर सातवा महिना सुमारे 30 आठवड्यांना संपतो आणि आठवा सुमारे 35 आठवड्यांना. म्हणजे आठमाशी बाळाकडे सातमाशी बाळापेक्षा अधिक सरफॅक्टंट, अधिक वजन आणि जगण्याची अधिक शक्यता असते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक 1963 च्या ऑगस्टमध्ये साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला आणि 39 तासांत श्वासाच्या याच विकाराने गेला. कोणी त्याला आठव्या महिन्याचा दाखला म्हणेलही. परंतु तेव्हा या आजारावर उपचारच नव्हता. मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी सरफॅक्टंटचा अभाव हे कारण 1959 मध्येच दाखवले होते, पण श्वासमार्गात हवेचा सतत दाब ठेवणारी सीपॅप पद्धत 1971 मध्ये आली आणि तेत्सुरो फुजिवारा यांनी बाळांच्या फुप्फुसात सरफॅक्टंट सोडून ती वाचवल्याचे 1980 मध्ये प्रसिद्ध केले. आज त्या दिवसांचे बाळ चांगल्या नवजात कक्षात पोहोचले तर ते बहुधा वाचते.

मग पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा म्हणायचा का? अनुभव खरा असेल, मोजणी चुकीची होती. सोनोग्राफी नव्हती तेव्हा दिवस आठवणीवर मोजले जात. वाढ खुंटलेले पण पूर्ण दिवसांचे लहानखुरे मूल ‘सातमाशी’ म्हणून जगायचे, आणि लग्नानंतर सातव्या महिन्यात जन्मलेल्या धडधाकट मुलालाही घरचे शहाणपणाने सातमाशीच म्हणायचे. खरोखरच सातव्या महिन्यात जन्मून तासाभरात गेलेले मूल गर्भपातात मोजले जायचे, तर आठव्या महिन्यात जन्मून आठवडाभर झुंजून गेलेले मूल सर्वांच्या स्मरणात राहायचे. मोजणीची अडचण आजही संपलेली नाही. बीड, जालना किंवा परभणीतून ऊसतोडीला गेलेल्या बाईची नोंदणी गावच्या उपकेंद्रात असते आणि कळा मात्र चार जिल्हे पलीकडच्या फडावर सुरू होतात. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद तिच्याजवळ असणे फार मोलाचे ठरते, कारण पुढचे अनेक निर्णय त्या आठवड्यांवर अवलंबून असतात.

स्टेरॉइडचा निर्णय त्यांपैकीच एक. न्यूझीलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स यांना 1969 मध्ये असे दिसले की स्टेरॉइड दिल्यावर अपेक्षेपेक्षा बरेच आधी जन्मलेली मेंढीची कोकरे श्वास घेऊ शकत होती. त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी 1972 मध्ये मातांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या अभ्यासांतून आईला दिलेले हे औषध बाळाचे फुप्फुस लवकर पक्व करते, ही गोष्ट पक्की झाली. भारत सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, असे चार डोस द्यायचे असतात आणि पहिला डोस उपकेंद्रातली परिचारिकाही (एएनएम) देऊ शकते. तरीही हे औषध सरसकट वाटण्याचे नाही. भारतासह सहा देशांत झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, दिवसांची खात्री नसताना सर्वदूर त्याचा वापर वाढवला तेव्हा फायदा दिसला नाही, उलट मातांमध्ये जंतुसंसर्ग वाढला. 2020 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात मात्र आठवडे नीट मोजून आणि आई-बाळाची काळजी घेता येईल अशा रुग्णालयांत ते दिले, तेव्हा बाळांचे मृत्यू कमी झाले. त्यातही भारतातली रुग्णालये होती. लोकांच्या मनातली भीती बहुधा वेगळ्या उपचारातून आली असावी. 1990 च्या दशकात आईला नव्हे, तर जन्मानंतर थेट बाळालाच सुरुवातीच्या दिवसांत मोठ्या मात्रेत डेक्सामेथासोन देत असत आणि पुढे त्याचा मेंदूवरचा दुष्परिणाम लक्षात आल्यावर ती प्रथा आवरली गेली. त्या दोन उपचारांची गल्लत करून आईला मिळणारे इंजेक्शन नाकारणे घातक आहे.

तिसऱ्या दाव्यातले अर्धे सत्य सर्वांत मोठे आहे. फुप्फुसाच्या या जुनाट आजाराला डॉक्टर थोडक्यात बीपीडी म्हणतात. त्याचे पहिले वर्णन विल्यम नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये केले, तेव्हा ती बाळे जोरदार दाबाच्या व्हेंटिलेटरवर आणि 80 ते 100 टक्के ऑक्सिजनवर अनेक दिवस राहिलेली होती. यंत्राने इजा होते, हे वैद्यकाने तेव्हाच स्वतःहून मांडले. त्यानंतरची सारी वाटचाल ही इजा कमी करण्याची आहे: शक्य तिथे नळी न घालता सीपॅप, लवकर सरफॅक्टंट, श्वास विसरणाऱ्या बाळाला कॅफीन (2006 च्या अभ्यासात त्याने बीपीडीचे प्रमाण घटले), आणि ऑक्सिजनची मोजूनमापून मात्रा. पण इतके करूनही आजार नाहीसा झाला नाही. तो आता मुख्यतः 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत दिसतो आणि त्यांतली काही तर यंत्रावर फारशी राहिलेलीही नसतात. याचे कारण असे की जे वायुकोश पोटात असताना बनायचे होते, ते बाहेरच्या हवेत, संसर्गाच्या आणि अपुऱ्या पोषणाच्या ताणाखाली बनावे लागतात, आणि ते कमी व मोठ्या आकाराचे राहतात. म्हणजे आजाराचे मूळ अवेळी जन्मात आहे. यंत्र त्यात भर घालू शकते, पण यंत्राशिवाय ते बाळ आजार होण्याइतके दिवस जगलेच नसते.

ऑक्सिजनबाबत तर आकडे स्पष्ट आहेत. अतिरेकाने डोळ्याच्या पडद्याला इजा होते, हे 1950 च्या दशकातच कळले. म्हणून रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण मुद्दाम 85 ते 89 टक्के इतके खाली ठेवून पाहिले गेले; 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात डोळ्यांची गंभीर इजा कमी झाली, परंतु मृत्यू वाढले. त्यामुळे आज साधारण 90 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान राहण्याचा प्रयत्न असतो, आणि हे साधते ते चोवीस तास लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरमुळे, घरी आणलेल्या सिलिंडरमुळे नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून मूल लवकर घरी नेणे म्हणजे ऑक्सिजनचा धोका टाळणे नसून त्याचे मोजमाप सोडणे आहे. बाळाजवळ राहायची घरच्यांची इच्छा मात्र रास्त आहे आणि तिला कक्षातच उत्तर आहे: आईच्या छातीला बाळ चिकटवून ठेवण्याच्या कांगारू पद्धतीने, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता ती सुरू केली तरी, मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे 2021 च्या अभ्यासात दिसले. ज्या नवजात कक्षांत आईला दारातूनच परत पाठवले जाते, त्यांनी हे मनावर घ्यायला हवे.

जन्मभराच्या दम्याचे भाकीतही तसेच सरसकट आहे. बहुतेक मुलांचा ऑक्सिजन काही महिन्यांत सुटतो, कारण वायुकोश वाढत राहतात. तरीही पहिल्या दोन वर्षांत सर्दीचे छातीत उतरणे, घरघर आणि पुन्हा भरती होणे यांचे प्रमाण अधिक असते, आणि काहींची फुप्फुसाची क्षमता मोठेपणीही कमी राहते. ही घरघर नेहमीच्या दम्यासारखी प्रत्येक वेळी पंपाला दाद देत नाही, म्हणून शेजारच्या मुलाचा पंप आणून वापरू नये.

उरला घरचा भाग. धुरी मग ती ओव्याची असो, उदाची असो किंवा शेकशेगडीची, त्यात फुप्फुसाला बळ देणारे काही नाही आणि त्रास देणारे बरेच आहे. चुलीचा आणि बिडीचा धूरही त्याच यादीत येतो. आईचे दूध मात्र या बाळांचे संसर्गापासून रक्षण करते, ते पाजणे जमत नसेल तर काढून वाटी-चमच्याने द्यावे. जन्माच्या वेळच्या लसींसाठी वजन पाहून डॉक्टर थोडे थांबू शकतात, पण दीड महिन्यापासूनच्या लसी, न्यूमोकोकलसह, जन्मतारखेपासूनच मोजायच्या असतात. 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत, आणि फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच व्हायला हवी. बाळाचे पोट उडू लागले, श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला, ओठ निळसर दिसले किंवा दूध ओढणे थांबले, तर बिब्बा लावण्यात किंवा डाग देण्यात वेळ न घालवता 108 ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीशी, पांघरुणात उबेत ठेवावे.