बेळगावातून युरोव्हिजनला जायचंय? जा की

गणपतीत मांडवात दोन गाणी म्हटलीस, पहिल्या रांगेतल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या, आणि आता तुला युरोव्हिजनला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेला, देशातर्फे गायला जायचंय म्हणे. जा की मर्दा, कोण अडवतंय. भारत त्या स्पर्धेत नाही हे अगदी किरकोळ कारण झालं, ऑस्ट्रेलिया तरी कुठे युरोपात आहे, ते २०१५ पासून जात होतेच की. सेलिन डिऑन तर कॅनडाची, १९८८ ला स्वित्झर्लंडकडनं गायली आणि एका मार्कानं जिंकली पण. म्हणजे तू कुठला याला काय अर्थ नसतो, कुणाच्या बाजूनं हे महत्त्वाचं. बेळगावच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको.

योगायोग बघ, ती स्पर्धा १९५६ च्या मे महिन्यात लुगानोत सुरू झाली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात गेलो. ते लोक कोरोनाचं एक वर्ष सोडलं तर दरवर्षी निकाल लावून मोकळे होतात. आपला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तेव्हा निकालाची वाट बघायची प्रॅक्टिस तुझी आधीच झालीय.

आता मुख्य भानगड भाषेची. पूर्वी आपल्याच देशाच्या भाषेत गायचं असा तिथं नियम होता, १९९९ ला काढून टाकला. बरं झालं. मी एकदा खानापूरकडच्या एका गावात गायलो होतो, मराठी गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत मागनं एकजण ओरडला, "कन्नड हाड हाडरी!" म्हणून दुसरं कन्नड घेतलं तर पुढच्या खुर्चीतल्या अण्णांनी मफलर झटकला आणि चपला शोधत उठून गेले, मग तबलेवाला डग्ग्यावर बोट ठेवून हळूच म्हणाला, हिंदी घे. (भीमसेन जोशी मराठी अभंग गायचे आणि कन्नड दासवाणी पण, तेव्हा कुणी चपला शोधल्या नाहीत. पण तू भीमसेन नाहीस, मी तर नाहीच नाही.)

म्हणून बेल्जियमचा अभ्यास कर. तिथं पण दोन भाषांचं आपल्यासारखंच आहे, तर एक वर्ष डचवाले गायक पाठवतात, एक वर्ष फ्रेंचवाले. आणि २००३ ला त्यांनी काय केलं, कुठलीच भाषा नसलेल्या, बनवलेल्या भाषेत गाणं पाठवलं! दोन मार्कांनी हुकलं, दुसरा नंबर. तू पण तेच कर, कुणालाच कळलं नाही की कुणीच उठून जात नाही.

बाकी नियम सोपे. तीन मिनिटांत गाणं संपवायचं, आपल्याकडे तेवढ्यात व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं पण संपत नाहीत. स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं, म्हणजे आतेभावाला आत्ताच नाही म्हणून सांग. संगीत ट्रॅकवर वाजतं, गिटार नुसती गळ्यात घालायची, ते आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना जमतंच. ज्यांची वर्गणी मोठी ते देश थेट फायनलला, हे मंडळात काम केलेल्याला समजावून सांगायची गरज नाही.

मतदानात स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, शेजाऱ्यांवर भिस्त. ग्रीस आणि सायप्रस वर्षानुवर्षं एकमेकांना बारा-बारा मार्क, म्हणजे सगळ्यात जास्त, देत आलेत. तुझे शेजारी कोण ते तुला माहितीय, मी काय बोलत नाही. पण २०२३ पासून बाहेरच्या देशातल्या लोकांना पण पैसे भरून ऑनलाईन मत देता येतं, म्हणजे निपाणीत बसून पण. सीमाभागातल्या माणसाला तुझं मत काय म्हणून विचारणारं कुणीतरी निघालं, पैसे घेऊन का असेना.

आणि शून्य मिळाले तरी घाबरू नकोस. १९७८ ला नॉर्वेच्या गड्याला भोपळा मिळाला आणि घरी ते गाणं हिट झालं. खरी काळजी जिंकलास तर. अभिनंदनाचा फ्लेक्स लागणार, आता बोर्डावर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे, आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांत दोन आमदार, मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांचा वाढदिवस असलेला मुलगा बसवायचाय. तुझं नाव किती अक्षरी आहे?