विषयाआधी पद्धत बघा

‘आवडीचा विषय निवडा, बाकी आपोआप जुळतं’ हा संवादशास्त्राच्या (कम्युनिकेशनच्या) उच्चशिक्षणावरच्या लेखातला सल्ला मला अर्धवट वाटला. संवादशास्त्रात एम.ए. किंवा पीएच.डी. करताना विषयापेक्षा पद्धत जास्त छळते. निवडणुकीतलं एकच भाषण घ्या. वक्तृत्वशास्त्राचा विद्यार्थी त्यातलं एकेक वाक्य उलगडत बसेल: वक्ता श्रोत्यांना ‘आपण’ कधी म्हणतो, ‘तुम्ही’ कधी, आणि मधेच ‘ते लोक’ कोण झाले. राजकीय संवादवाला तेच भाषण एका गटाला दाखवेल, दुसऱ्याला नाही, आणि दोघांच्या मतांतला फरक मोजेल. तिसरा थेट सभेत जाऊन बसेल. टाळ्या कुठे पडल्या, लोक कुठे उठून गेले, ते वहीत टिपेल. भाषण एकच, पण रोजचं काम पार वेगळं. संख्याशास्त्राचं वावडं असेल तर यातल्या दुसऱ्या, मोजणीच्या वाटेला जाऊच नका.

अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथे ऱ्हेटरिक, म्हणजे वक्तृत्वशास्त्र, दोन घरांत नांदतं: इंग्रजी विभागात आणि संवाद विभागात. १९१४ साली भाषणकलेचे शिक्षक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून वेगळे झाले, आणि ती वाटणी अजून जाणवते. शिकत असताना इंग्रजी विभागात शिकवण्याचं काम मिळालं तर बहुधा पहिल्या वर्षाचं लेखन शिकवावं लागतं, संवाद विभागात भाषणकला. पुढे प्राध्यापकीसाठी अर्ज करताना हाच अनुभव विचारतात, म्हणून फरक किरकोळ समजू नका.

आणि हो, ज्यांच्या हाताखाली काम करायचंय ते निवृत्तीला टेकलेले नाहीत ना, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या.