मल्टिक्लास केल्यानं घुबड दुबळं होत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा भूमिकांचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. तो थोडक्यात असा: "स्पेल टाकणाऱ्यानं मल्टिक्लास करू नये. स्लॉट विभागले जातात, दोन्हीकडचे स्पेल अर्धवट राहतात, फॅमिलियर पहिल्या लेव्हलचाच राहतो आणि मेला तर मोठा फटका बसतो." (मल्टिक्लास म्हणजे एकाच कॅरेक्टरनं दोन क्लासच्या, म्हणजे पेशांच्या, लेव्हल घेणं; स्लॉट म्हणजे स्पेल, अर्थात मंत्र, टाकायचा ठरावीक कोटा; आणि फॅमिलियर म्हणजे मंत्रानं बोलावलेला प्राणी-सोबती, जसं घुबड.) नवा खेळाडू हे वाचतो आणि मनात आलेलं कॅरेक्टर कागदावर उतरण्याआधीच सोडून देतो. असं होताना मी पाहिलंय आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेते. बोलणं पाचव्या आवृत्तीबद्दल आहे, २०१४ च्या नियमांनुसार. मल्टिक्लासच्या हिशेबात २०२४ च्या पुस्तकात जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगेन.

आधी स्लॉट. ते विभागले जात नाहीत, लेव्हलची बेरीज होते. बार्ड, क्लेरिक (पुजारी), ड्रुइड, सॉर्सरर आणि विझार्ड (जादूगार) या क्लासच्या लेव्हल पूर्ण धरायच्या, पॅलाडिन-रेंजरच्या निम्म्या, एल्ड्रिच नाइट आणि आर्केन ट्रिक्स्टर या फायटर-रोगच्या उपप्रकारांच्या एक तृतीयांश. जो आकडा येईल त्यासमोर मल्टिक्लासच्या तक्त्यात काय लिहिलंय ते पाहायचं. क्लेरिक ४ आणि विझार्ड १ मिळून पाच. म्हणजे पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट, दुसऱ्या लेव्हलचे तीन, तिसऱ्या लेव्हलचे दोन. निव्वळ क्लेरिक ५ कडेही नेमके एवढेच असतात. पॅलाडिन-रेंजरच्या बाबतीत मात्र तक्रारीत तथ्य आहे: २०१४ मध्ये अपूर्णांक खाली धरतात, त्यामुळे पॅलाडिनच्या एका लेव्हलचं बेरजेत शून्य होतं. २०२४ मध्ये तो वर धरतात. वॉरलॉक या क्लासचे स्वतःचे स्लॉट, म्हणजे पॅक्ट मॅजिक, वेगळे मोजतात हेही खरं, पण ते शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) परत येतात आणि त्यांतून क्लेरिकचा स्पेलसुद्धा टाकता येतो.

"स्पेल अर्धवट राहतात" या म्हणण्यात अर्धं सत्य आहे आणि ते नीट सांगायला हवं. कुठले स्पेल तयार करता येतील, हे प्रत्येक क्लासची लेव्हल वेगळी धरून ठरतं. वरच्या कॅरेक्टरकडे तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट आहेत, पण तिसऱ्या लेव्हलचा स्पेल एकही नाही. ना रिव्हिव्हिफाय (नुकत्याच मेलेल्याला उठवणारा), ना फायरबॉल (आगीचा स्फोट). स्लॉट आहे म्हणून विझार्डच्या वहीत फायरबॉल उतरवून घेता येईल, असं काही जण मानतात; तेही चालत नाही. त्या स्लॉटमधून खालच्या लेव्हलचा स्पेल जास्त ताकदीनं टाकायचा, एवढंच.

पण तोटा मोजून बघा. सहाव्या लेव्हलला क्लेरिक ५, विझार्ड १ झालात की रिव्हिव्हिफाय मिळतो. उशीर एका लेव्हलचा. नवव्या लेव्हलचे स्पेल सतराव्याऐवजी अठराव्या लेव्हलला येतात. दहा-दहा अशी समान वाटणी केली तर मात्र कपाळाला हात लावायची वेळ येते: नवव्या लेव्हलचा स्लॉट हातात आणि दोन्ही क्लासचे स्पेल पाचव्या लेव्हलपाशी थांबलेले. सल्ला देणाऱ्यांनी ही एक वाटणी डोळ्यांसमोर ठेवून सगळ्यांनाच घाबरवलंय.

खरा खर्च दुसरीकडे आहे. या मल्टिक्लाससाठी विझ्डम आणि इंटेलिजन्स हे दोन्ही गुण किमान १३ लागतात; क्लेरिकची जादू पहिल्यावर चालते, विझार्डची दुसऱ्यावर. इंटेलिजन्स १३ म्हणजे फक्त +१, त्यामुळे शत्रूला सेव्ह (बचावाचा फासा) करायला लावणारे विझार्डचे स्पेल लंगडे पडतात. उपाय सोपा आहे: ज्यांना इंटेलिजन्सशी देणंघेणंच नाही असे स्पेल घ्यायचे. शील्ड घ्या, डिटेक्ट मॅजिक घ्या, आणि फाइंड फॅमिलियर तर घ्याच.

आता फॅमिलियर. माझा जीव याच्यातच अडकलाय. पाचव्या आवृत्तीत फॅमिलियरची ताकद तुमच्या कुठल्याच लेव्हलवर ठरत नाही. घुबडाचा हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) एक. विझार्ड १ असो की विझार्ड २०, एकच. मग मागे पडायचा प्रश्न येतो कुठून? शिवाय तो स्पर्शाचा स्पेल पोहोचवतो, तेव्हा स्पेल कुठल्या क्लासचा हे नियम विचारत नाही. स्पेल तुम्ही टाकलेला हवा, फॅमिलियर शंभर फुटांच्या आत हवा आणि त्याची रिॲक्शन (फेरीत एकदाच मिळणारी झटपट कृती) शिल्लक हवी.

आमच्या टेबलावर याच क्लेरिक ४, विझार्ड १ नं एकदा श्वास रोखायला लावला. फायटर खचलेल्या पुलापलीकडे शून्यावर पडलेला, दोन डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचे फासे) हुकलेले, तिसरा हुकला की मरण. अंतर ऐंशी फूट. दुरून बरं करणाऱ्या हीलिंग वर्डचा पल्ला साठ फुटांचा, म्हणजे तो बाद. घुबड आधीच्या फेरीतच पलीकडे जाऊन फायटरच्या छातीवर बसलं होतं. स्पर्शानं बरं करणारा क्युअर वूंड्स, तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमधून. तीन डी-आठ (आठ बाजूंचे फासे) पडले सहा, चार, सात. वर विझ्डमचे तीन. वीस हिट पॉइंट! स्पेल क्लेरिकचा, घुबड विझार्डचं आणि स्लॉट दोघांच्या बेरजेचा. निव्वळ क्लेरिक असती तर तिथे काहीच करता आलं नसतं.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते २००३ च्या ३.५ आवृत्तीतून. तिथे प्रत्येक क्लासचे स्लॉट खरोखरच वेगळे असायचे, स्पेलची ताकद ठरवणारी कास्टर लेव्हलही वेगळी. फॅमिलियरच्या क्षमता वाढायच्या त्या फॅमिलियर देणाऱ्या क्लासच्या लेव्हलवर. विझार्ड आणि सॉर्सररच्या लेव्हल त्यासाठी एकत्र धरायचे, क्लेरिकच्या नाही. स्पर्शाचा स्पेल पोहोचवणं तिसऱ्या लेव्हलला यायचं, म्हणजे त्या नियमांत आमचं घुबड नुसतं बघत राहिलं असतं. तरी तिथेसुद्धा फॅमिलियरचे हिट पॉइंट मालकाच्या एकूण हिट पॉइंटच्या निम्मे धरायचे, सगळे क्लास मिळून. "पहिल्या लेव्हलचाच राहतो" हे तिथेही पूर्ण खरं नव्हतं.

जाता जाता उलट बाजूची एक चूक: विझार्ड आणि पॅक्ट ऑफ द चेनचा वॉरलॉक (त्यालाही फॅमिलियर मिळतो) एकत्र केले म्हणजे दोन फॅमिलियर मिळत नाहीत. एका वेळी एकच.

राहिला मोठ्या फटक्याचा मुद्दा. ३.५ मध्ये फॅमिलियर मेला की मालकाचे एक्सपी (अनुभवाचे गुण) जायचे आणि नवा आणायला एक वर्ष आणि एक दिवस थांबावं लागायचं. पाचव्या आवृत्तीत कोळसा, धूप आणि वनस्पती मिळून दहा सोन्याची नाणी आणि एक तास लागतो. रिच्युअल म्हणून केलं तर दहा मिनिटं जास्त, पण स्लॉट खर्च होत नाही. पुलावरच्या लढाईत पुढच्याच फेरीला ते घुबड बाणानं गेलं. रात्री मुक्कामाला पितळेच्या शेगडीत धूप जाळला आणि तेच परत येऊन क्लेरिकच्या खांद्यावर बसलं.